साध्या फोनवरील द्विमितीय खेळ : रचना आणि तंत्र

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले भाषण)



मोबाइल फोनवरील खेळ म्हटले की मुलांचा अभ्यास बुडविणारी वस्तू, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ही चिंता अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु खेळ इतरांनी तयार करावयाचे आणि आपण केवळ तक्रार करावयाची, ही स्थिती पालटावयाची असेल, तर खेळ कसे घडतात हे शिक्षकांनी जाणून घेतले पाहिजे. सपाट चित्रांचा, म्हणजेच द्विमितीय खेळ हा त्याचा सोपा प्रारंभ होय. उदाहरणादाखल एक लहान खेळ घेऊ. वरून अक्षरे पडत आहेत. टोपली डावी-उजवीकडे सरकवून दिलेल्या शब्दातील अक्षरे मुलाने झेलावयाची आहेत.

काळाचे गणित

पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. बोटाचा स्पर्श ओळखणे, अक्षरे सरकविणे, ती टोपलीत आली का ते तपासणे आणि चित्र काढणे, ही सर्व कामे तेवढ्या अवधीत उरकावी लागतात. नवशिके पुष्कळदा ‘दर चित्राला अक्षर ५ बिंदू खाली’ असा हिशेब मांडतात. चांगल्या फोनवर ते सेकंदाला ३०० बिंदू उतरते. ३० चित्रेच दाखवू शकणाऱ्या स्वस्त फोनवर मात्र १५०. एकाच वर्गातील दोन मुलांना असे दोन निराळे खेळ मिळतात! म्हणून वेग सेकंदाच्या मापाने ठरवावा आणि मागील चित्रापासून लोटलेल्या वेळेने त्यास गुणावे. मध्येच कोणाचा फोन आला, तर खेळ थांबवावा व तो काळ हिशेबात धरू नये. अन्यथा परतताच सारी अक्षरे एकदम खाली आदळतील.

मेमरीची काटकसर

१०२४ × १०२४ बिंदूंचे चित्र साठविताना लहान फाइलीत मावते. परंतु पडद्यासाठी उलगडल्यावर, दर बिंदूस ४ बाइट या नेहमीच्या हिशेबाने, ते ४ मेगाबाइट मेमरी व्यापते. लांबी-रुंदी निम्मी केल्यास १ मेगाबाइट पुरतो. लहान चित्रे एकाच फलकावर एकत्र मांडल्यास फोनचे श्रम वाचतात. खाली गेलेले अक्षर नष्ट न करता तेच नव्या रूपात पुन्हा वर न्यावे. १९८५ साली निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात ढग व झुडुपे यांना एकच आकृती वापरून केवळ रंग बदललेला होता. तो संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटांत सामावला होता. साधने तुटपुंजी असली म्हणजे कल्पकतेला वाव मिळतो, तो असा.

स्पर्श आणि मराठी अक्षर

बोट ही जाड लेखणी आहे. बटण निदान ९ मिलिमीटरचे असावे आणि टोपली बोटाखाली झाकली जाऊ नये, यासाठी ती किंचित वर ठेवावी. अक्षर झेलले गेले का, हे ठरविताना टोपलीचे क्षेत्र चित्राहून थोडे मोठे धरावे. थोडक्यात हुकलेल्या मुलाचा हिरमोड होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपल्या लिपीचा आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द संगणक १० चिन्हांत साठवितो. मुलाच्या दृष्टीने मात्र त्यात वि, द्या, र्थी अशी ३ अक्षरे आहेत. शब्द चिन्हागणिक तोडला, तर वेलांटी आणि पाय मोडलेला ‘द्’ सुटे पडतात आणि मूल अशुद्ध लेखन शिकते. म्हणून शब्द अक्षरांनुसार तोडावा व जोडाक्षरे नीट जुळविणारे साधन निवडावे. ‘गोडो’ हे विनामूल्य साधन २०२३ मधील चौथ्या आवृत्तीपासून ही जुळणी करते.

शेवटी एकच विनंती. तयार झालेला खेळ प्रथम गावातील सर्वांत स्वस्त फोनवर, इंटरनेट बंद ठेवून, तपासावा. त्यात जाहिरात नसावी आणि मुलाची माहितीही विचारली जाऊ नये. पंचायतीने असा एखादा साधा फोन शाळेस चाचणीसाठी दिला, तरी मोठे साहाय्य होईल. त्या फोनवर जो खेळ सुरळीत चालतो, तोच सर्व मुलांचा खेळ होय.