स्वागताध्यक्षीय भाषण : राजूरच्या आद्य रहिवाशांच्या स्मरणार्थ



वणीजवळच्या आपल्या राजूरचे आद्य रहिवासी कोण, हे सरकारी दप्तरात शोधू गेल्यास तेथे पट्टेदारांची, ठेकेदारांची आणि कंपन्यांची नावे आढळतील. परंतु ज्यांनी जमिनीच्या पोटात उतरून कोळशाचा थर फोडला, ज्यांनी चुनाभट्टीच्या तोंडाशी उभे राहून आयुष्याची उमेद खर्ची घातली, त्यांची नावे तेथे क्वचितच सापडतील. ती नावे आपणच लिहून काढावीत, या एकाच हेतूने स्वागतसमितीने आपणांस पाचारण केले आहे, आणि तिच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

कॉलरी, म्हणजे कोळशाची खाण, येण्यापूर्वी ही भूमी निर्मनुष्य होती, असे कोणी समजू नये. गोंड, कोलाम आणि कुणबी यांचा वावर या मुलखात फार जुना. तेव्हा आद्यत्वाचा पहिला मान त्यांचा, हे मी प्रारंभीच नमूद करतो. १९०५ साली यवतमाळ हे नाव पडेपर्यंत आपला जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई. वऱ्हाडातील पडीत जमिनी लागवडीस आणण्यासाठी १८६५ साली नियम झाले, इजारे, म्हणजे लागवडीचे पट्टे, दिले गेले, आणि कित्येक गावांना इजारदाराचे नाव कायमचे चिकटले. रान तोडून पहिला नांगर धरणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. खाणीच्या मुलखातही पुढे तीच रीत चालली.

वर्धा नदीपलीकडची वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद पडली, तरी वर्धेच्या खोऱ्यातील कोळसा सरला नव्हता. राजूरला भूमिगत खाण झाली, रेल्वेचा फाटा आला, आणि त्यामागोमाग माणसे आली : कोणी तेलंगणातून, कोणी छत्तीसगडातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहाराकडून, कोणी आपल्याच पंचक्रोशीतील कोरडवाहू शेताला कंटाळून. भाषा निराळी, देव निराळे, लग्नाचे विधी निराळे. पण पाळीचा भोंगा एकच, आणि खाली उतरल्यावर छत कोसळण्याचे भयही एकच. एकमेकांच्या हाकेला ओ देण्यावाचून जेथे जीव वाचत नाही, तेथे शेजारधर्म शिकवावा लागत नाही. राजूरचा एकोपा त्या अंधारात घडला, अशी माझी श्रद्धा आहे.

चुन्याच्या भट्ट्यांविषयी आपण पुरेसे बोलत नाही, याची मला खंत वाटते. चुनखडी फोडणे, दगड आणि कोळसा यांचे थर रचून भट्टी भरणे, आच सांभाळणे, कळीचा चुना बाहेर काढणे, ही कामे करणाऱ्यांचे हात चरत, डोळे चुरचुरत, छातीत भुकटी बसे. आणि त्या चुन्याने बांधलेल्या भिंतींवर त्यांच्या नावाचा अक्षरभरही उल्लेख नसे.

आणि आपल्या आया-आज्या? भारतातील खाणींत स्त्रियांना जमिनीखाली उतरण्यास १९३७ पासून असलेली मनाई युद्धकाळात, १९४३ साली, उठविण्यात आली व १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा अंमलात आली. याच काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या खाणीत स्वतः उतरले होते, आणि १९४४ साली कोळसाखाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी अस्तित्वात आली, नोकरीला कायद्याचा आधार मिळाला. परंतु त्यापूर्वी ठेकेदाराच्या मर्जीवर हजेरी लावून ज्यांनी इथेच घर थाटले, त्यांचे ऋण त्याहून मोठे आहे.

मंडपाच्या प्रवेशाशी एक जाड वही ठेवली आहे. आपल्या घरातील जो पुरुष वा जी स्त्री प्रथम राजूरला आली, त्या व्यक्तीचे नाव, मूळ गाव, आणि काम खाणीतले, भट्टीवरचे की शेतातले, एवढे तीत लिहावे; ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे उतरून घेण्यास आपली शाळेतील मुले तेथे बसली आहेत, आणि तेलुगू, हिंदी, गोंडी, कोलामी, ज्या भाषेत नाव जसे उच्चारले जाई, तसेच ते लिहावे, अशी त्यांना ताकीद दिली आहे. आता अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन पुढील कार्यास आरंभ करावा, अशी मी त्यांस नम्र विनंती करतो.