साखर कारखान्यातून वकिलातीत : एल्सवर्थ बंकर यांची कारकीर्द

अमेरिकी मुत्सद्दी एल्सवर्थ बंकर १९१६ मध्ये येल विद्यापीठाचे पदवीधर झाले. वडील नॅशनल शुगर रिफायनिंग कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. तरी मुलाची सुरुवात अंगमेहनतीच्या कामापासून झाली. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. कच्ची साखर क्यूबासारख्या देशांतून यायची, त्यामुळे परक्या माणसांशी भाव ठरवणे हाच रोजचा धंदा होता. वयाच्या ५७ व्या वर्षी, १९५१ मध्ये, येलच्या दिवसांपासूनचे स्नेही आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांनी त्यांना पेरॉनच्या अर्जेंटिनात राजदूत म्हणून धाडले. त्यानंतर इटली.

१९५७ ते १९६१ ते दिल्लीत राजदूत होते. त्याच काळात, मे १९६० मध्ये, आपले स. का. पाटील अन्नमंत्री या नात्याने वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ देणाऱ्या करारावर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत त्यांनी सही केली.

बंकर यांची खरी हातोटी दिसली ती १९६२ मध्ये. पश्चिम न्यू गिनीवरून नेदरलँड्स आणि इंडोनेशिया युद्धाच्या उंबरठ्यावर होते. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांच्या हाती थेट प्रदेश देणे डचांना नामुष्कीचे वाटे. मध्यस्थ असलेल्या बंकर यांनी मधला टप्पा सुचवला : ताबा आधी संयुक्त राष्ट्रांकडे, मग १९६३ मध्ये इंडोनेशियाकडे. दोघांचीही अब्रू राखली गेली. मात्र ज्यांच्या भूमीचा हा सौदा, ते पापुअन लोक वाटाघाटीत कुठेच नव्हते. त्यांना कबूल केलेला कौल १९६९ मध्ये सुमारे हजार निवडक माणसांकडून उरकण्यात आला.

व्हिएतनाममध्ये मात्र ही हातोटी चालली नाही. १९६७ ते १९७३ ते सायगावला राजदूत होते. थंड स्वभावामुळे तिथे त्यांना ‘रेफ्रिजरेटर’ म्हणत. त्यांचे अहवाल आशावादी असत. कंबोडियातील अमेरिकी लष्करी कारवाईलाही त्यांचा पाठिंबा होता. सौदा जमायला दोन्ही बाजूंना तो हवा असावा लागतो. हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामला, तडजोड नव्हे, विजय हवा होता. हे बंकर यांना वेळीच उमगले नाही, असेच म्हणावे लागते.

पनामा कालवा पनामाकडे सोपवण्याच्या वाटाघाटी त्यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर हाती घेतल्या. शेवटच्या टप्प्यात सोबतीला सोल लिनोविट्झ आले, तेही झेरॉक्स कंपनीचे माजी अध्यक्ष. सप्टेंबर १९७७ मध्ये करारांवर सह्या झाल्या. सिनेटच्या मंजुरीला ६७ मते लागत होती; दोन्ही करारांना प्रत्येकी ६८ पडली. बंकर १९८४ मध्ये वारले. कालवा ३१ डिसेंबर १९९९ रोजी पनामाच्या ताब्यात गेला.