स्वयंचलित गिअर काढून हाताचा गिअर बसवताना



कापसाची वेचणी सुरू झाली, की गाडीची गरज भासू लागते. चारठाण्याहून जिंतूर-सेलूच्या बाजाराला माल न्यायचा, तर घरची गाडी असलेली बरी. कधी जुनी डिझेल मालगाडी स्वस्तात मिळते, आणि घरी आणल्यावर कळतं की तिचा गिअर स्वयंचलित आहे. तो कुरकुरू लागला, की प्रश्न पडतो : हा काढून आपला हाताचा गिअर बसवावा का? आजचे बोलणे त्यावर आहे.

आपल्याकडच्या मालगाड्या पूर्वापार हाताच्या गिअरच्या. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासून आपले मिस्त्री त्याच विद्येवर तयार झाले. क्लचप्लेट बदलणारा माणूस तालुक्याला मिळतो. स्वयंचलित गिअर उघडणारा शोधावा लागतो, आणि तोवर माल घरात पडून राहतो. शिवाय शेतात बॅटरी बसली, तर हाताच्या गिअरची गाडी चार माणसं ढकलून चालू करतात. स्वयंचलित गाडी बहुधा ढकलून चालू होत नाही.

तरी घाई करू नका. आधी त्या गिअरचे तेल बघा. तेल लाल आणि स्वच्छ आहे पण पातळी कमी आहे, तर गळती शोधा; कदाचित तेवढ्यानेच काम भागेल. तेल काळे पडून जळका वास मारत असेल, तर आतल्या प्लेटा जळाल्या असे समजा. इंजिनाचे वय झाले असेल, धूर सोडत असेल, तर गिअरवर पैसा घालण्यात अर्थ नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

बदलायचेच ठरले, तर नुसता गिअरबॉक्स आणून चालत नाही. स्वयंचलित गाडीत इंजिनाच्या मागे एक पातळ पत्र्याची चकती असते. तिच्या जागी जड फ्लायव्हील लागते, आणि त्याच्या कडेचे दाते स्टार्टरच्या दात्यांशी जुळावे लागतात. मग क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, रिलीज बेअरिंग, काटा, क्रँकच्या टोकातले छोटे बेअरिंग, क्लचचा पायडल आणि त्याची जोडणी. ह्यातला एकेक नग वेगवेगळ्या भंगारवाल्याकडून गोळा करू नका. त्याच इंजिनाची हाताच्या गिअरची मोडीत निघालेली गाडी शोधा आणि सगळा संच एकदम घ्या.

हे मी अनुभवाने सांगतो. एकदा मी गिअरबॉक्स एका ठिकाणचा आणि क्लचप्लेट दुसऱ्या ठिकाणची घेतली. प्लेटच्या खाचा शाफ्टच्या खाचांशी जुळेनात. ऐन हंगामात गाडी आठ दिवस ठोकळ्यांवर उभी होती, आणि माल भाड्याच्या गाडीने गेला. दुकानात उभ्या उभ्या प्लेट शाफ्टवर सरकवून बघितली असती, तर हे टळलं असतं.

गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्लचच्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. खाली जॅक लावा. दोन्ही तोंडे हाताने मिळाली पाहिजेत. चारठाण्याच्या जुन्या देवळांत दगडावर दगड कसा बसलाय, तसे. फट दिसत असताना बोल्ट आवळून ओढलंत, तर हाऊसिंगचा कान तुटतो. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाकांना उटी लावा, चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

पुढचा गिअरबॉक्स लांबीला वेगळा असला, तर मागचा आडवा पट्टा सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट लहान-मोठा करावा लागतो. हे काम लेथवाल्याकडेच द्या आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्या. घरी वेल्डिंग मारलेला शाफ्ट वेग घेतल्यावर थरथरतो, क्रॉस खातो, आणि तुटून रस्त्यावर आपटला तर जिवावर बेततं.

वायरिंगचंही बघा. स्वयंचलित गाडी ठरावीक गिअरलाच स्टार्ट घेते. मिस्त्री ती वायर सरळ जोडून देतात. मग गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली, की उडी मारते. ती वायर क्लचच्या पायडलखालच्या स्विचला जोडून घ्या. रेडिएटरकडे जाणाऱ्या गिअर-तेलाच्या नळ्या काढून तोंडे नीट बंद करा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजिनाला मात्र हा बदल करू नये. त्याला गिअरकडून इशारे लागतात आणि ते न मिळाल्यास गाडी नीट चालत नाही. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनाची गोष्ट वेगळी.

कागदपत्रांचे काम आधी करा, मागून नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. परभणीच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून, लेखी उत्तर घेऊन मगच पाना उचला.

गाडी बाहेर काढल्यावर पहिले काही दिवस अर्धाच माल भरा. नवी क्लचप्लेट बसायला वेळ लागतो. पायडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका. गिअरचे तेल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जातीचेच घाला, बाजूच्या बुचाच्या पातळीपर्यंत. दोन-तीन फेऱ्या झाल्या, की गाडी सपाट जागी उभी करून हाऊसिंगचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.