लाजेचा रोग नव्हे

शाळेतील आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात मानवी शरीराची आकृती असते. डोळे कसे जपावेत, दात कसे घासावेत, नखे का कापावीत, हे सारे तीत सांगितलेले असते. एका अवयवापाशी मात्र चित्रकाराचा हात थांबतो आणि शिक्षकाची वाणीही थांबते. मुलगा मोठा होतो, बाप होतो, आजोबा होतो. परंतु त्या अवयवासाठी चारचौघांत उच्चारता येईल असा एकही शब्द त्याला कोणी दिलेला नसतो. जे शब्द त्याला ठाऊक असतात ते शिवीगाळीतले किंवा थट्टेतले. अशा मनुष्याला तेथेच दुखणे जडले म्हणजे त्याने डॉक्टरांपुढे बोलावे तरी कोणत्या भाषेत? शिश्नाच्या कर्करोगाचा विचार येथूनच करावा लागतो.

हा रोग युरोप-अमेरिकेत विरळा आहे. भारतात तो तेथल्याहून अधिक आढळतो आणि शहरांच्या मानाने खेड्यांत अधिक. बहुधा पन्नाशीच्या पुढे तो दिसू लागतो, पण तरुणांनाही तो होतो. आरंभी टोकाशी अथवा अग्रत्वचेच्या आत लालसर चट्टा, चामखिळीसारखी वाढ किंवा लवकर न भरणारी जखम दिसते. पुष्कळदा ती दुखतही नाही आणि म्हणूनच फसवते. रोगी तिला खोबरेल लावतो, हळद लावतो, भिंतीवरील जाहिरात वाचून गुप्तरोगाच्या वैदूकडे जातो. ही गरमी असावी, लोक आपल्या चारित्र्याविषयी शंका घेतील, या भयाने तो पत्नीलाही सांगत नाही. महिने जातात; कित्येकांचे वर्षही जाते.

हैदराबादेत लकडी का पूल भागाजवळ मेहदी नवाज जंग यांच्या नावाची कर्करोग संस्था आहे. गुजरातचे पहिले राज्यपाल झाले ते हेच मेहदी नवाज जंग. ही संस्था १९५५ साली सुरू झाली, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सीमा बदलल्या, पण रोग्यांच्या वाटा काही बदलल्या नाहीत. तेलंगणाच्या खेड्यांतून येणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणेच नांदेडकडचा मराठी मनुष्यही उपचारांसाठी हैदराबादची गाडी धरतो. तो गाडीत केव्हा बसतो, यावर त्याचे पुढचे सारे अवलंबून असते.

याचे कारण रोगाच्या चालीत आहे. पायाला ठेच लागून जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. शिश्नाचा कर्करोगही त्याच मार्गाने जातो. प्रथम तो जागेवरच वाढतो. मग जांघेतील ग्रंथींत उतरतो. तेथून ओटीपोटातील ग्रंथींत आणि सर्वांत शेवटी फुप्फुसादी दूरच्या अवयवांत. एखादी पायरी ओलांडून तो सहसा एकदम पुढे उडी घेत नाही. त्यामुळे त्याला वाटेत गाठण्याची संधी वैद्यकाला मिळते. ग्रंथींत रोग पोचलेला नसेल, तर योग्य उपचारांनंतर पाच वर्षांनी १०० पैकी सुमारे ९० रोगी जिवंत असतात. जांघेतील एकदोन ग्रंथींतच तो सापडला, तरी १०० पैकी सत्तरांवर वाचतात. ओटीपोटात शिरला, की तीसही उरत नाहीत. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: रोग तोच, शस्त्रक्रिया करणारे हातही तेच, फरक पडतो तो बहुतांशी वेळेचा.

उपचारांतही हाच हिशेब आहे. जखमेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला म्हणजे निदान होते. रोग अग्रत्वचेपुरता असेल, तर तेवढी त्वचा काढणे पुरते. टोकावरील लहान वाढीवर लेसर किंवा इरिडियमच्या किरणांचे उपचार करून अवयव राखता येतो. पूर्वी रोगाच्या कडेपासून दोन सेंटिमीटर निरोगी भागही कापला जाई. आता काही मिलिमीटर पुरतात, हे सिद्ध झाले आहे. अंशतः छेद घ्यावा लागला, तरी पुष्कळांना उभे राहून लघवी करता येते आणि संसारसुखही सर्वस्वी संपत नाही. फार उशीर झाला, तर मात्र संपूर्ण अवयव काढावा लागतो आणि मूत्रमार्गाला वृषणांच्या मागे नवे तोंड करून द्यावे लागते. मग बसूनच लघवी करावी लागते. तरीही वृषणे शाबूत राहिली, तर दाढीमिशा, आवाज, अंगातील बळ यांत उणेपणा येत नाही. पुरुषपण केवळ एका अवयवात साठविलेले नसते, हे रोग्याला डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगितले पाहिजे.

जांघेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथे गाठ हाताला लागली म्हणजे कर्करोग पोचलाच असे नाही. जखमेतील पुवामुळेही ती सुजते. उलट काहीच हाताला लागत नसताना आत रोगाचे कण दडलेले असू शकतात. पाराग्वेचे शल्यचिकित्सक रॅमोन काबान्यास यांनी १९७७ साली याच रोगाच्या अभ्यासातून दाखविले, की रोग प्रथम ज्या ग्रंथीत उतरतो, ती पहारेकरी ग्रंथी शोधून तपासली म्हणजे पुढचा अंदाज बांधता येतो. स्तनाच्या कर्करोगातही पुढे हीच युक्ती कामी आली. धोका अधिक असलेल्या रोग्याच्या जांघेतील ग्रंथी वेळीच काढल्या, तर गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा तो अधिक जगतो. दूरच्या खेड्यातील मनुष्य पुन्हा तपासणीला येईलच याची शाश्वती नसल्याने आपल्याकडे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. रोग फार पुढे गेलेला असल्यास सिस्प्लाटिनसारखी औषधे व किरणोपचार असतात. आणि जेथे बरे करणे शक्य नाही, तेथे वेदना शमविणे हेही वैद्यकाचेच कर्तव्य होय. हैदराबादच्या या संस्थेत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

रोग टाळण्याचे उपाय साधे आहेत. बालपणीच सुंता होते अशा यहुदी व मुस्लिम समाजांत हा रोग फार क्वचित दिसतो. इतरांनी स्नानाच्या वेळी अग्रत्वचा मागे सारून तो भाग पाण्याने स्वच्छ करावा. वयात आल्यावरही त्वचा मागे सरकत नसेल, तर लहानशी शस्त्रक्रिया करून घ्यावी. आत साचणारा मळ व सततचा दाह यांतून धोका वाढतो. तंबाखू सोडावी, तिचे विष तोंडापुरते राहत नाही. या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांत मानवी पॅपिलोमा विषाणू आढळतो. हाच विषाणू स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे दाखविल्याबद्दल जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पतीला हा रोग झाल्यास पत्नीनेही तपासणी करून घेणे हिताचे. या विषाणूवर लसही निघाली असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या भारतीय लशीला २०२२ साली परवानगी मिळाली.

बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवण्यात येऊ लागली. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, रोगाची लक्षणे समजावीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागल्या. खेड्यातील संकोची स्त्रीला जे बोलण्याने साधले, ते पुरुषाला का साधू नये?

यासाठी प्रथम घरातील एका माणसाने विचारावयास हवे. धोतराला डाग दिसतो, चालताना मनुष्य अवघडतो, एकटाच बसतो. हे पत्नीच्या किंवा मुलाच्या लक्षात येतेच. त्यांनी संशयाने नव्हे, मायेने विचारावे. बापाने वयात आलेल्या मुलाला स्नानाचे चार शब्द सांगावेत, आणि गुरुजींनी आकृतीतील त्या अवयवाचे नाव नीट उच्चारावे. पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली, की ती डॉक्टरांना दाखवावी. दाखविताना वाटणारी लाज घटकाभराची असते. ती टाळण्यासाठी मनुष्याने अवयव गमवावा, आणि पुढे प्राणही गमवावा, हा सौदा कोणत्याही घराला परवडणारा नाही.