वृद्धांचे डोळे, विमा आणि औषधांची मक्तेदारी



अमेरिकेतील वृद्धांना डोळ्यांत घालावयाचे थेंब परवडत नाहीत, हा विषय महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या सभेत मांडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तथापि विम्याचे कार्ड हाती पडले म्हणजे औषधाचा प्रश्न सुटला, ही समजूत आज आपल्याकडे झपाट्याने रुजत आहे. या समजुतीची कसोटी जेथे साठ वर्षे लागत आली आहे, तो देश अमेरिका आहे. म्हणून एका साध्या विकाराचे उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासणे उपयुक्त ठरेल.

डोळा कोरडा पडणे हा वार्धक्यातील नित्याचा विकार आहे. अश्रूंचा पातळ थर बुबुळाला सतत ओलावा देत असतो. वय वाढले की तो थर विरळ होतो. स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर हा त्रास अधिक होतो. सर्दीवरील व नैराश्यावरील काही औषधांनीही तो बळावतो. डोळे चुरचुरतात, वाचन अशक्य होते, बुबुळाला इजाही होऊ शकते. सौम्य विकाराला कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. परंतु विकार दाहातून उद्भवला असेल, तर सायक्लोस्पोरिनसारखे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीने घ्यावे लागते. ते दिवसातून दोनदा घालायचे असते. गुण येण्यास काही महिने लागतात आणि उपचार पुढे वर्षानुवर्षे चालतो. म्हणजे हा खर्च एकदाचा नव्हे, दरमहाचा असतो.

अमेरिकेत 65 वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक विमा योजना 1965 साली कायद्याने स्थापन झाली. श्रमिकांच्या व वृद्धांच्या दीर्घ लढ्याचे ते फळ होते. परंतु घरी घ्यावयाच्या औषधांचा तीत समावेश नव्हता. तो व्हायला 2006 साल उजाडले, आणि तोही खाजगी विमा कंपन्यांच्या मार्फत. शिवाय 2003 च्या ज्या कायद्याने ही सोय झाली, त्याच कायद्याने औषध कंपन्यांशी किमतीबाबत वाटाघाट करण्यास सरकारला मनाई केली. सर्वांत मोठ्या ग्राहकाने भावाबद्दल तोंड उघडू नये, असा हा अजब बाजार! मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

परिणाम काय झाला? प्रत्येक विमा कंपनी आपली औषधांची यादी स्वतः ठरवते. महागडे थेंब यादीत नसतील, तर वृद्धाला पूर्ण किंमत मोजावी लागते. यादीत असले, तरी बहुधा वरच्या श्रेणीत टाकून त्याचा हिस्सा वाढवला जातो. अनेकदा आधी स्वस्त उपाय करून पाहा, ते फसल्याचे डॉक्टरकडून लिहून आणा, मग परवानगी मिळेल, असे सांगितले जाते. दुकानात चिठ्ठीविना मिळणारे कृत्रिम अश्रू या योजनेच्या कक्षेतच येत नाहीत. उत्पादक कंपन्या सवलतीची कुपने वाटतात खऱ्या; परंतु ती खाजगी विमाधारकांसाठी असतात. सार्वजनिक योजनेतील वृद्धाला ती वापरता येत नाहीत, कारण कायदा त्यांना लाचेसमान मानतो. कायद्याचा हेतू योग्यच आहे, कारण कुपनामुळे ग्राहकाला किंमत दिसत नाही आणि उरलेला भार विम्याच्या सामायिक निधीवर पडतो. पण वृद्धाच्या पदरी पडते ती मूळ किमतीची झळ.

आता ही मूळ किंमत येते कोठून ते पाहू. सायक्लोस्पोरिन हे नवे द्रव्य नव्हे. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून ते सापडले आणि अवयवरोपणात 1983 पासून अमेरिकेत अधिकृतपणे वापरले जाऊ लागले. त्याचेच डोळ्यांचे थेंब ‘रेस्टासिस’ या नावाने ॲलरगन कंपनीने 2002 च्या डिसेंबरात मान्य करून घेतले. मूळ पेटंटांची मुदत 2014 मध्ये संपत होती. त्याच सुमारास कंपनीने एरंडेल आणि औषध यांच्या प्रमाणावर नवी पेटंटे मिळवली आणि मक्तेदारी 2024 पर्यंत लांबवली. औषध तेच, बाटली तीच. वाढली ती फक्त मुदत. महिन्याचा भाव शेकडो डॉलरांचा राहिला.

ही पेटंटे आव्हानाच्या भोवऱ्यात सापडताच 2017 च्या सप्टेंबरात कंपनीने विलक्षण चाल खेळली. न्यूयॉर्क राज्यातील सेंट रेजिस मोहॉक या आदिवासी जमातीच्या नावे तिने पेटंटे करून दिली, जमातीला 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलर रोख दिले आणि तीच पेटंटे पुन्हा स्वतःकडे भाड्याने घेतली. जमातीला सार्वभौमत्व असल्याने पेटंट कार्यालयाने फेरतपासणी करू नये, हा त्यामागील डाव. शतकानुशतकांच्या लुटीतून जे सार्वभौमत्व त्या लोकांनी कसेबसे राखले, ते एका कंपनीच्या नफ्याची ढाल बनले! दारिद्र्याने गांजलेल्या जमातीला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत असा सौदा लाभदायक ठरतो, ती व्यवस्था दोषी आहे. पुढच्याच महिन्यात टेक्सासमधील संघीय न्यायालयाने ही पेटंटे अवैध ठरवली आणि 2018 मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम झाला. तरीही पहिल्या पर्यायी औषधाला मान्यता मिळाली ती 2022 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळातील चढ्या भावाचे पैसे वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून आणि करदात्यांच्या खिशातून गेले.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. 2022 च्या कायद्याने सरकारला निवडक औषधांच्या किमतीबाबत वाटाघाटीचा अधिकार दिला. वृद्धाच्या वार्षिक औषधखर्चावर 2025 पासून 2,000 डॉलरांची कमाल मर्यादा आली. 2026 साठी ती 2,100 आहे. परंतु वाटाघाटीच्या पहिल्या दहा औषधांत डोळ्यांचे एकही औषध नव्हते. आणि कमाल मर्यादेत विमा कंपनीच्या यादीबाहेरचे औषध धरले जात नाही. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. विमा किंमत वाटून देतो, कमी करत नाही. मक्तेदारीला हात न लावता विमा वाढवला, तर जनतेचा पैसा अधिक सुरळीतपणे मक्तेदाराच्या तिजोरीत जातो, एवढेच.

आपल्या देशापाशी या बाबतीत एक मोलाचे शस्त्र आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर नव्हे, केवळ प्रक्रियेवर पेटंट मान्य केले. स्वस्त औषधांचा भारतीय उद्योग त्यावर उभा राहिला. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली 2005 मध्ये उत्पादनाची पेटंटे परत आली. परंतु कलम 3(ड) ने जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याविना, पेटंट नाकारण्याची तरतूद केली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाबाबत ते कलम उचलून धरले.

मात्र दुसरी बाजूही विसरता येत नाही. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण देण्यात आले. स्वागतार्हच गोष्ट. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. कोरड्या डोळ्यांसाठी कोणी दाखल होत नाही. रक्तदाब, मधुमेह, संधिवात यांची रोजची औषधे आणि हे थेंब या संरक्षणात येत नाहीत; पुष्कळदा ते वृद्धाला आपल्याच खिशातून घ्यावे लागतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ विमा-कार्डांच्या नोंदणीवर समाधान मानून चालणार नाही. बाह्यरुग्णाची नित्याची औषधे सार्वजनिक केंद्रांतून वृद्धांना विनामूल्य मिळावीत, औषधांच्या किमतींवर शासनाचे परिणामकारक नियंत्रण असावे आणि कलम 3(ड) ला कोणत्याही व्यापारी करारात धक्का लागू नये, या तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. आयुष्यभर राबून थकलेल्या माणसाला उतारवयात वर्तमानपत्र वाचता यावे, नातवाचा चेहरा नीट दिसावा, ही काही चैन नव्हे. तो त्याचा हक्क आहे आणि कोणा कंपनीच्या ताळेबंदावर तो अवलंबून राहता कामा नये.