अटलांटिक ओलांडताना डेकवरची हवा



बाहेर वैशाख पेटलेला असताना थंड वाऱ्याविषयी बोलण्याचे काम आमच्या वाट्याला आले, हे आम्ही आमचे भाग्यच समजतो. कोणाची लेक न्यू जर्सीत, कोणाचा नातू बॉस्टनला, अशी घरे आता आपल्याकडे आळीआळीला सापडतात. विमानाने एकदोनदा जाऊन आलेली ही मंडळी पुढे म्हणू लागतात, की एकदा तरी बोटीने समुद्र ओलांडून पाहावा. जेट विमाने आली आणि या मार्गावरच्या जुन्या बोटी एकेक करून गेल्या. 2004 पासून 'क्वीन मेरी 2' ही एकटीच साउदॅम्प्टन आणि न्यू यॉर्क यांच्यामध्ये नेमाने ये-जा करीत आली आहे. सुमारे 3,100 सागरी मैलांचे हे अंतर तोडायला तिला बहुधा सात रात्री लागतात. तिकीट काढण्यापूर्वी लोक जो प्रश्न विचारतात तोच आमचा आजचा विषय: वर डेकवर हवा कशी असते?

विचारणाऱ्याच्या मनात समुद्र असतो तो जुहूचा किंवा मुरुडचा. आपला अरबी समुद्र उबदार. त्याच्या काठी माणूस घामाने निथळतो आणि झुळूक आली की सुखावतो. अटलांटिकचा उत्तरेकडचा भाग या जातीचा नव्हे. इंग्लंडचा किनारा सुटल्यावर भर जुलैतही तेथल्या पाण्याचे उष्णतामान 15-16 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि पाण्यावरची हवा पाण्याचाच गुण घेते. दुपार आणि मध्यरात्र यांत फारसा फरक पडत नाही. पौषातली सकाळ दिवसभर सरतच नाही, असे समजावे म्हणजे कल्पना येईल.

परंतु नुसत्या थर्मामीटरवर विसंबणारा फसतो. डेकवरची खरी गोष्ट वाऱ्याची आहे, आणि तिच्यात एक साधे गणित आहे. बोट ताशी 22 नॉट, म्हणजे जवळजवळ 40 किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. वारा मुळीच नाही, समुद्र आरशासारखा. तरीही डेकवर उभे राहणाऱ्याच्या तोंडावर ताशी 40 किलोमीटरचा वारा येतो, कारण तो बोटीच्या चालण्यानेच उत्पन्न झालेला असतो. स्कूटरवर बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आता, या पट्ट्यात वारे बहुतकरून पश्चिमेकडून वाहतात. समजा, 20 नॉटचा पश्चिम वारा सुटला. यात विशेष काही नाही. असा वारा तेथे नित्याचा. पण न्यू यॉर्ककडे निघालेल्या बोटीवर दोन्ही वेगांची बेरीज होते आणि 42 नॉट भरतात, म्हणजे ताशी 78 किलोमीटर. ब्यूफर्टच्या मापाने हा नवव्या पायरीचा, वादळी वारा झाला. टोपी उडते, चष्मा धरून ठेवावा लागतो, आणि पुढच्या टोकाकडे जाणारी दारे खलाशी लावून घेतात. त्याच घटकेला, त्याच पाण्यातून उलट दिशेने इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवर मात्र वजाबाकी होते आणि हाती उरतात अवघे दोन नॉट! तेथे आजीबाई उघड्यावर बसून विणकाम करीत असतात आणि मांडीवरचे वर्तमानपत्र हलत नाही. दोन्ही बोटींवरचे प्रवासी घरी जाऊन सांगतात, की अटलांटिकची हवा अशी अशी असते; आणि दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून कोणी हवा विचारली, की आम्ही उलट विचारतो, 'आपण चालला आहात की येत आहात?'

वारा थंडी वाढवतो तीही हिशेबाने. हवा 10 अंशांची असली आणि ताशी 40 किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती 6 अंशांसारखी भासते. अशा वेळी बोटीच्या अंगाचा आडोसा शोधावा. पश्चिमेकडे जाताना डावी बाजू दक्षिणेला येते, तेव्हा दुपारचे ऊन तिकडे मिळते; येताना उजवीकडे. एवढे ध्यानात ठेवणाऱ्याला चांगली खुर्ची सापडते.

आता धुके. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेस ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आहे. उत्तरेकडून लॅब्राडॉरचा थंडगार प्रवाह येथे उतरतो आणि दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह त्याला भेटतो. उबदार, दमट हवा थंड पाण्यावर सरकली की तिच्यातली वाफ गोठल्यासारखी होऊन धुके धरते. आपल्याकडचे हिवाळी धुके ऊन चढले की विरते; हे तसे नव्हे. हे वारा असतानाही टिकते, दिवसचे दिवस राहते, आणि जून-जुलैत सर्वांत दाट असते. डेकचा कठडा ओला, केस ओले, दहा पावलांवरचा माणूस सावलीसारखा. बोटीचा भोंगा नियमानुसार निदान दर दोन मिनिटांनी लांबलचक वाजत राहतो. नव्या प्रवाशाला त्या आवाजाचा वैताग येतो, पण त्याची किंमत जिवात मोजलेली आहे. 25 जुलै 1956 च्या रात्री, आणखी पश्चिमेला नॅन्टकेट बेटाजवळ, 'आंद्रेआ दोरिया' ही इटालियन बोट आणि 'स्टॉकहोम' ही स्वीडिश बोट धुक्यात एकमेकींवर आदळल्या. दोन्ही बोटींवर रडार होते. तरी 51 माणसे गेली.

धुक्याला माणूस भितो, स्वच्छ हवेला भीत नाही. 14 एप्रिल 1912 ची रात्र अत्यंत स्वच्छ होती. चंद्र नव्हता, चांदण्या मात्र लखलखीत, वारा नाही, लाट नाही. संध्याकाळपासून गारठा इतका वाढला, की 'टायटॅनिक'च्या डेकवर फिरणारी मंडळी आत जाऊन बसली. वारा असता तर हिमनगाच्या पायथ्याशी पाणी फुटले असते आणि तो पांढरा फेस पहारेकऱ्याला दुरून दिसला असता, असे जाणते सांगतात. बोट बुडाल्यावर पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेक मेले ते थंडीने. पाणी उणे दोन अंशांचे होते. एकंदर बळी सुमारे 1,500. त्यातूनच 1914 साली हिमनगांवर पहारा ठेवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. ती आज विमाने आणि उपग्रह यांच्या साहाय्याने चालते.

हिवाळ्याविषयी फार सांगायला नको. वादळामागून वादळ येते, चार-पाच मीटरच्या लाटा ही नवलाची गोष्ट राहत नाही, आणि डेक उघडा मिळेल तो दिवस सोन्याचा. अशाच दिवसांत, 1886 च्या हिवाळ्याच्या अखेरीस, पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. आनंदीबाई जोशी 11 मार्चला डॉक्टर व्हायच्या होत्या, त्या समारंभासाठी. त्या काळच्या बोटी लहान, आणि वाट पश्चिमेची, म्हणजे वर सांगितलेल्या बेरजेची. आज वातानुकूलित खोलीत बसून जेवणाबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी ही तारीख आठवावी असे आम्हांला वाटते.

तेव्हा जावे कधी? मे-जूनमध्ये थंडी आणि धुके, सप्टेंबरात दक्षिणेकडून भरकटत येणारी चक्रीवादळे. 11 सप्टेंबर 1995 रोजी 'लुइस' नावाच्या अशाच वादळात 'क्वीन एलिझाबेथ 2' वर सुमारे 29 मीटर उंचीची लाट आली होती. बोट न्यू यॉर्कला सुखरूप पोहोचली, हा भाग वेगळा. आमची पसंती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याला, आणि त्यातही येतानाच्या सफरीला. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर जाताना विमानाने जावे आणि परतताना न्यू यॉर्कहून बोट धरावी. वारा पाठीशी राहील आणि त्यांना डेकवर बसता येईल. बरोबर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारा कोट, आणि कान झाकणारी टोपी. आपली कानटोपी चालेल, तिला कोणी हसत नाही. छत्री मात्र घरीच ठेवावी. तेथे पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो, आणि उलटी झालेली छत्री घेऊन डेकवर धावणारा मनुष्य फार केविलवाणा दिसतो.