तलासरीची शेड आणि दोन कॉलर

हा मागच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले निम्मे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. नेहमी आपण सॉफ्टवेअरवर बोलतो. यावेळी लोखंडावर.

मी डहाणूचा. बीटेक झाल्यावर पुण्यात नोकरी, मग 2021 मध्ये वर्क फ्रॉम होम म्हणून घरी आलो. माझे आजोबा, आईचे वडील, डायमेकर. आपल्या भागातल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. चिंचणी, वरोर, डहाणू या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, घराघरात बनतात. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटं नक्षीकाम कोरायचं, मग ठोकळा तापवून, विझवून कडक करायचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की वाटी, पान, फूल उमटतं. देशभरातले सोनार असे साचे वापरतात आणि त्यातले कित्येक कुणाच्या तरी पडवीत, दिव्याखाली मान वाकवून बनलेले असतात. त्यामुळे घरात वर्कशॉप असणं ही आमच्याकडे हौस नव्हे, रोजीरोटी होती.

आजोबा डायचं काम शिकले चिंचणीत, पण घर बांधलं तलासरीत, हायवेपासून थोडं आत. मागे शेड. शेडमध्ये एक लांब बाकडं, त्यावर शेगडा, एक ड्रिल मशीन, हाताने फिरवायचा फ्लाय प्रेस, आणि तीन फुटी बेडचा राजकोटी लेथ. लेथ त्यांनी सेकंडहँड घेतला होता. डायच्या कामाला तो कमी लागायचा. खरं कारण वेगळं होतं. लहानपणी डहाणू रोड स्टेशनवर त्यांनी वाफेची इंजिनं पाहिलेली, आणि हातात मावेल असं, पण खरोखर चालणारं एक इंजिन स्वतः करायचं हे त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षं होतं. या छंदाला इंग्लंडात मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात. त्याच नावाचं, 'मॉडेल इंजिनिअर', नियतकालिक तिथे 1898 मध्ये सुरू झालं. आजोबांनी ते कधी पाहिलेलं नाही. त्यांचं आपलं वहीत पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग, मापं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मग नोव्हेंबर 2018 पासून हादरे सुरू झाले. धुंदलवाडी, डहाणू, तलासरी. ज्यांनी ते महिने काढलेत त्यांना आठवत असेल. आधी जमिनीतून 'धूम' असा आवाज, मग भांडी वाजणार. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 चा धक्का बसला, त्या दिवशी एका लहान मुलीचा जीव गेला. लोक थंडीत तंबूत झोपत होते. आजोबांच्या घराच्या दोन भिंतींना भेगा गेल्या, शेडची कौलं खाली आली, कोबा मधोमध फुटला. आजी-आजोबा आमच्याकडे डहाणूला आले आणि शेडला कुलूप लागलं.

दोन वर्षांनी मी कुलूप उघडलं तेव्हा आत दोन पावसाळ्यांचं पाणी, उंदीर, आणि लेथवर लाल गंज. मामाने आधीच भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. 29 रुपये किलो. मामाचं चूक नव्हतं, घराच्या दुरुस्तीला पैसे हवे होते. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं. मी म्हटलं, मामा, मला एक वर्ष द्या. मामा म्हणाला, "पुढच्या दिवाळीपर्यंत चालू करून दाखव. नाहीतर मी टेम्पो बोलावतो."

आता माझ्या चुका. पहिल्याच आठवड्यात मी ऑनलाइन क्विक चेंज टूल पोस्ट मागवला, 9,000 रुपयांचा, कारण यूट्यूबवर सगळ्यांकडे असतो. तो आमच्या लेथच्या सेंटर हाइटला उंच पडला. अजून खोक्यात आहे. दुसरी चूक मोठी. शनिवारी एकटाच गेलो, ड्रिलला एमरीचं चाक लावलं आणि बेडवरचा गंज घासून चकचकीत केला. फोटो काढून आजोबांना दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "अरे, ते रूळ होते." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

लेथच्या बेडचे दोन सरळ पट्टे, ज्यावरून कॅरेज सरकतं, ते सपाट आहेत म्हणून लेथ लेथ असतो. एमरी सगळीकडे सारखी खात नाही. शिवाय तिचे कण बिडात रुततात आणि नंतर कॅरेजखाली कानशीसारखे काम करत राहतात. सॉफ्टवेअरमध्ये मी कमिट मागे घेतलं असतं. इथे गेलेला धातू गेला. नशीब की मी चकाजवळ नाही, टेलस्टॉकच्या टोकाला सुरुवात केली होती. तिथे काम कमी होतं.

त्यानंतर आजोबा दर शनिवारी माझ्यासोबत यायला लागले, बाइकवर मागे बसून, वय 78. आई चिडायची. गंजाचं काम मग त्यांच्या पद्धतीने झालं: रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पितळी पट्टीने खरवडायचं, मग तेल आणि अगदी बारीक स्टील वूल. लाल गंज निघतो, खाली काळा डाग उरतो. तो काळा डाग राहू द्यायचा. त्याने काही बिघडत नाही, डोळ्यालाच खुपतो.

गिअर आणि शेगड्याचे जबडे यांच्यासाठी मी इलेक्ट्रोलिसिस केलं. प्लास्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या सळईच्या तुकड्याला. उघड्यावरच करा, हायड्रोजन निघतो. आणि सळईच्या जागी स्टेनलेस लावू नका, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. आजोबांच्या छिन्न्या मात्र टबात टाकल्या नाहीत, कारण कडक केलेलं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकतं. त्या छिन्न्या डालड्याच्या डब्यात होत्या, सत्तरएक, प्रत्येकीचं टोक त्यांनी स्वतः घासलेलं. मी त्या उंचीप्रमाणे लावल्या. त्यावरूनही ऐकून घेतलं. त्या कामाप्रमाणे लावलेल्या होत्या: पानाच्या शिरेच्या एकत्र, मण्याच्या एकत्र. आता त्या डब्यात कापराच्या वड्या असतात, गंज धरू नये म्हणून.

वायरिंगवर जास्त बोलत नाही. लायसन्स असलेला वायरमन बोलावला, नवीन अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जुनी मोटर लावली की तो लगेच पडायचा. वायरमनने मेगर लावून दाखवलं, वाइंडिंगमध्ये ओल होती. उन्हात आणि बल्बच्या उबेत वाळवून पाहिली, नाही जमलं. शेवटी सिंगल फेजची एक हॉर्सपॉवरची मोटर सेकंडहँड बसवली. ओल्या शेडमध्ये आरसीसीबीचे पैसे वाचवू नका, एवढंच.

जमिनीबद्दल मात्र बोलायचंय, कारण सगळी गोम तिथे आहे. फुटलेला कोबा काढून लेथपुरता वेगळा काँक्रीटचा चौथरा ओतला, भिंतीपासून बोटभर फट ठेवून, म्हणजे भिंत हलली तर चौथरा ओढला जाणार नाही. वर कौलांऐवजी पत्रा घातला, डोक्यात पडायला हलका. फळ्यांना पुढे पट्टी मारली, कपाट भिंतीला बोल्टने बांधलं. लेथ पाव टनाच्या वर आहे आणि त्याचं वजन सगळं वरच्या अंगाला, त्यामुळे हादऱ्यात तो उलटू नये म्हणून जमिनीला घट्ट बोल्ट केला. दिवाळीच्या आठ दिवस आधी बटण दाबलं. चक फिरला. शेजारच्या काकी घाबरून बाहेर आल्या, त्यांना वाटलं परत भूकंप.

मामा आला, पाहिलं, म्हणाला, "चालतोय की." टेम्पो रद्द. मला वाटलं संपलं.

आजोबांनी एक सळई चकात धरून कापली, मायक्रोमीटर लावला आणि माझ्या हातात दिला. सळई निमुळती होती. मी ठरवून टाकलं की हेडस्टॉक वाकडा आहे, आणि तो खोलायला निघालो. आजोबा म्हणाले, "आधी जमिनीला विचार."

ही टेस्ट जगभर करतात, खर्च शून्य. साधारण 25 मिलिमीटर जाड सळई घ्या, चकाबाहेर 150 मिलिमीटर राहू द्या, टेलस्टॉकचा आधार नको. मधला भाग कापून खोल करा, म्हणजे चकाजवळ एक आणि टोकाला एक अशा दोन कॉलर उरतील. आता टूल न हलवता दोन्हींवर एकच अगदी बारीक कट घ्या. जाड कट घेतला तर सळईच वाकते आणि उत्तर खोटं येतं. मग दोन्ही मोजा. आमच्या टोकाची कॉलर 0.09 मिलिमीटरने जाड आली.

म्हणजे बेडला पीळ होता. बिडाचा एवढा जाड बेड, पण चार पायांपैकी एक किंचित खाली असताना बोल्ट आवळला की तो टॉवेलसारखा पिळतो. अर्थात नजरेला दिसणार नाही इतका. टोकाची कॉलर जाड, म्हणजे त्या टोकाला टूल कामापासून दूर जातंय. म्हणून टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा पाय उचलायचा. पितळी पत्र्याची शिम सरकवली, बोल्ट आवळला, पुन्हा कट, पुन्हा माप. 0.06. अजून एक. 0.04. चार वाजेपर्यंत 0.01 वर आलो आणि आजोबा म्हणाले, आता चहा.

दीड महिन्याने तीच टेस्ट केली तर 0.03. मी वैतागलो. नवं काँक्रीट आकसतं, पावसात साचलेली ओल उतरली की माती बसते, वरून अधूनमधून हादरे. तिन्ही कारणं खाली बसलेली, आणि बोल्टाचं त्यांच्यापुढे काय चालणार? घट्ट बांधला तर जमीन पिळते, सैल ठेवला तर हादऱ्यात उलटेल. यावर कायमचा उपाय आम्हाला सापडलेला नाही. आम्ही घट्टच ठेवतो आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन कॉलर कापतो. वहीत तारीख आणि आकडा लिहितो.

म्हणून कुणी विचारलं की घरच्या वर्कशॉपसाठी आधी काय घ्यावं, तर मी म्हणतो मशीन नाही, मायक्रोमीटर. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जा, जुना पण चांगल्या कंपनीचा, 0 ते 25 चा. दुकानातच तोंड पुसून बंद करा, शून्य येतो का बघा, चार-पाच वेळा. मग एक डायल गेज. माझे जमिनीवर 18,000 गेले, वायरिंगवर साडेसात, मोजायच्या सामानावर 6,000, आणि त्या खोक्यातल्या टूल पोस्टवर 9,000.

कुणी म्हणेल, सीएनसीच्या जमान्यात हे कशाला. खरंय, डायचं हातकाम सीएनसीने आणि कॉम्प्युटरवरच्या डिझाइनने बरंचसं नेलं. आजोबांचंही गेलं. माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमने ते नेलं, असं मी एकदा त्यांना म्हटलं, जरा अपराधी होऊन. ते म्हणाले, "मान दुखायची रे. गेलं ते बरं झालं." मग थोड्या वेळाने, "पण पोरांना कानस धरता येत नाही." दोन्ही त्यांना मनापासून वाटतं, आणि मीही त्यात एक निवडायला जात नाही.

आता इंजिन. आजोबांच्या वहीतलं मोठं होतं, ते आम्ही बाजूला ठेवलं. कॉलेजात असताना मी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं होतं, 1998 पासून आहे, आणि तेव्हापासून माझ्याही डोक्यात आख्खी गाडी होती. पण सुरुवात सगळ्यात साध्या इंजिनाने केली, ज्याचा सिलिंडरच झोके घेतो. सिलिंडर एका खिळीवर डोलतो. त्याचं भोक एकदा आत येणाऱ्या वाफेच्या भोकासमोर येतं, एकदा बाहेर जाणाऱ्या. वेगळा व्हॉल्व्ह नाही. पितळी सिलिंडर, बोअर 12 मिलिमीटर, स्ट्रोक 20. बोअर मी केला. पण ज्या दोन पृष्ठभागांवर ही भोकं एकमेकांसमोर येतात ते अगदी सपाट लागतात, नाहीतर वाफ तिथूनच पळते. ते आजोबांनी केले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक दिसत नाही. ते प्रशियन ब्लू लावून घासतात, मला विचारतात निळं कुठे लागलंय, मी बोट ठेवतो, ते तेवढंच खरवडतात. अकरा वेळा. बाराव्या वेळी निळं सगळीकडे लागलं.

वाफ अजून नाही, बॉयलर हा वेगळा आणि धोक्याचा विषय आहे, त्याच्यावर मी एवढ्यात बोलणार नाही. सायकलचा पंप लावून हवेवर चालवलं. पहिल्यांदा उलटं फिरलं. आजोबा हसले, नळी दुसऱ्या भोकाला लावली, सुलटं फिरलं. मामा पंप मारत होता.

सध्या एका बाजूने हवा फुसफुसते. आजोबांचं म्हणणं खिळीचं भोक काटकोनात नाही, माझं म्हणणं स्प्रिंग सैल आहे. शनिवारी आधी दोन कॉलर कापायच्या आहेत, महिना पालटलाय. मग खिळी काढून बघू.